आधी खुर्च्या, मग जादूगार : सोलापुरात जादूचा प्रयोग ठेवताना

पहिल्यांदा मी जादूगार बोलावला तो भाच्याच्या पाचव्या वाढदिवसाला, विजापूर रोडवरच्या आमच्या गच्चीवर. माणूस कसलेला होता, हात सफाईदार होता. घोळ माझा झाला. मंडपवाल्याला मी सांगून ठेवलं होतं, "खुर्च्या गोल मांडा, सगळ्यांना नीट दिसलं पाहिजे." दिसलं की! पाठीमागे पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या चार पोरांना तर जरा जास्तच दिसलं. दहाव्या मिनिटाला टाकीवरून आवाज आला, "ओ काका, डाव्या हातात हाय की ओ ते!" पुढची वीस मिनिटं त्या बिचाऱ्यानं कशी ओढली ते त्यालाच ठाऊक. निघताना त्यानं मला एवढंच विचारलं, "ताई, शिडी काढून ठेवता आली नसती का?"

त्यानंतर शाळेची स्नेहसंमेलनं, सोसायटीचा गणपती, नणंदेच्या नातवाचं जावळ, एका कारखान्यातल्या कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा असं करत डझनभर तरी प्रयोग माझ्या देखरेखीखाली झाले. काही रंगले, काही पडले. रंगलेल्यांत जादूगार थोर होता आणि पडलेल्यांत सुमार, असं म्हणावं तर तसंही नाही. एकच माणूस एका ठिकाणी टाळ्या घेऊन गेला आणि दुसऱ्या ठिकाणी घामाघूम होऊन. फरक पडला तो खुर्च्यांनी, पंख्यांनी आणि जेवणाच्या वेळेनं. या तिन्ही गोष्टी जादूगाराच्या हातात नसतात, आपल्या असतात. पहिल्यांदाच असा कार्यक्रम ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, त्यामुळे सगळं अगदी सुरुवातीपासून.

आधी डोकी मोजा

जादूगार शोधण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा: किती माणसं येणार आणि त्यांत दहा वर्षांखालची मुलं किती. बाकी सगळं यावरून ठरतं.

जादूचा खेळ ढोबळमानानं तीन प्रकारचा. पहिला अगदी जवळून बघायचा: पत्ते, नाणी, अंगठ्या, रबर बँड. जादूगार टेबलाटेबलाशी जातो, एका वेळी आठ-दहा माणसं बघतात. हळदीकुंकू, घरगुती साखरपुडा, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा वेळी हा उत्तम. मोठ्या माणसांना हाच जास्त आवडतो, कारण चमत्कार स्वतःच्या तळहातावर होतो. दुसरा, छोट्या हॉलचा: रेशमी रुमाल, दोऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या कड्या, रिकाम्या पिशवीतून निघणारी फुलं. तीस ते शंभर-सव्वाशे माणसांसाठी हा बरोबर बसतो, आणि वाढदिवसाला येणारे बहुतेक जादूगार हेच करतात. तिसरा, मोठ्या रंगमंचाचा: पेट्या, साहाय्यक, पडदे, माणूस गायब करणं, हवेत तरंगवणं. त्याला टेम्पोभर सामान, मांडायला तीन-चार तास आणि खराखुरा रंगमंच लागतो.

चूक होते ती इथेच. दोनशे माणसांसमोर पत्त्यांचे खेळ ठेवले की चौथ्या रांगेपासून मागे कुणाला बदाम की चौकट ते कळत नाही आणि मंडपात कुजबुज सुरू होते. उलट, दिवाणखान्यात वीस माणसांसमोर माणूस कापायची पेटी आणली तर ती पेटीच आधी दारातून आत येत नाही.

मुलांच्या वयाचंही तसंच. चार-पाच वर्षांची मुलं अर्ध्या तासापलीकडे बसत नाहीत. सहा ते बारा हे जादूचं सोन्यासारखं वय, पाऊण तास तोंडाचा आ करून बघतात. तेरा-चौदाची झाली की हात बांधून मागे उभी राहतात आणि 'कसं केलं ते मला माहितीये' म्हणतात. आणि पहिल्या वाढदिवसाला जादूगार बोलावणाऱ्यांना माझं सांगणं, तो प्रयोग पाहुण्यांसाठी असतो हे मनाशी कबूल करा. उत्सवमूर्ती जादूगाराची चमकी बघून रडणार.

तारीख

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो. त्या आठवड्यात मंडपवाला, जनरेटर, टेम्पो काहीच वेळेवर मिळत नाही आणि पाहुणे रस्त्यात अडकतात. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, त्या दिवशी त्या बाजूला कार्यक्रम नकोच. गणपतीत प्रयोग ठेवणार असाल तर शेजारच्या मंडळाचा लेझीमचा सराव किती वाजता असतो ते आधी विचारून या. आमच्या सोसायटीत जादूगारानं "आता एकदम शांतता हवी" म्हटलं आणि त्याच क्षणी पलीकडच्या बोळातून हलगी सुरू झाली. हसून हसून पुरेवाट झाली हे खरं, पण तो प्रयोग काही परत जमला नाही.

एप्रिल-मे हा शाळांच्या सुट्टीचा काळ म्हणून सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण ४२-४३ अंशांत पत्र्याच्या मंडपाखाली कोट घालून उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्या दिवसांत उघड्यावर प्रयोग ठेवायचा तर अंधार पडल्यावरच ठेवा. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो आणि जादूला मागून येणारा उजेड चालत नाही.

जागा, आणि खुर्च्यांची गोष्ट

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश सांगते.

नाटकाला खुर्ची बाजूला पडली तर थोडं कमी दिसतं. जादूला खुर्ची बाजूला पडली तर नको ते दिसतं. जादूगार याला 'अँगल' म्हणतात आणि त्यांचा अर्धा जीव त्यात अडकलेला असतो. प्रेक्षक समोर हवेत. जादूगार जिथे उभा राहणार तिथे स्वतः उभे राहा, दोन्ही हात पुढे पसरून इंग्रजी व्हीसारखे धरा. त्या दोन हातांच्या आत ज्या खुर्च्या आल्या त्या राहू द्या, बाहेर असतील त्या उचला. मंडपवाला कुरकुर करेल, "मॅडम, जागा वाया जातीय." जाऊ दे. रांगा थोड्या लांब गेल्या तरी चालतात, बाजूला पसरलेल्या चालत नाहीत.

लहान मुलांना पुढे सतरंजीवर बसवायची आपली पद्धत चांगली आहे, पण सतरंजी आणि जादूगाराचं टेबल यांत किमान सहा-सात फूट मोकळे सोडा आणि मध्ये खडूची किंवा रंगीत टेपची रेघ मारा. नुसतं तोंडी सांगितलेलं पाच मिनिटं टिकतं. मुलं बसल्या बसल्या पुढे सरकतात, ती मुंग्यांसारखी. कधी सरकली ते कळतच नाही. रेघेवर एक काकू बसवा. शाळेत आम्ही हे काम पीटीच्या सरांना देतो.

पाठीमागे भिंत हवी, नाहीतर जाड आणि साधा गडद पडदा. वाढदिवसाच्या सजावटीत हल्ली चमकीच्या झालरी, फुग्यांची कमान आणि मध्ये आरसे असतात. झालर हलते आणि नजर तिकडे जाते, आरसा तर जादूगाराची पाठ सगळ्या गावाला दाखवतो. मागे काचेची खिडकी असेल तर रात्री तिचाही आरसा होतो, पडदा ओढून घ्या. मागच्या एलईडी भिंतीवर लेकराचे फोटो फिरवायचे असतील तर खुशाल फिरवा, पण प्रयोगाच्या वेळी ती बंद. आणि पडद्यामागे एक मोठा माणूस उभा करा. 'मी फक्त मागून बघतो' म्हणणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो.

शंभराच्या वर माणसं असतील तर दोन-तीन फूट उंचीचा स्टेज घ्या. नसता मागच्या दहा रांगा उभ्या राहतात. स्टेजच्या फळ्या हलत नाहीत ना हे स्वतः चढून बघा.

मोठ्या रंगमंचाचा प्रयोग असेल तर मंडपाचा नाद सोडा आणि सरळ सभागृह घ्या. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा निर्मलकुमार फडकुले सभागृह अशा ठिकाणी रंगमंच, बैठक आणि मागची खोली तयार मिळते, अँगलची निम्मी काळजी तिथेच मिटते. मात्र सभागृह ठरवताना प्रयोगाची वेळ धरून पुरत नाही. सामान लावायचे तीन तास आणि आवरायचा एक तास धरूनच ते घ्या. हे न विचारल्यामुळे एकदा आमच्या जादूगारानं पेट्या अक्षरशः व्हरांड्यात जुळवल्या, कारण आत दुसऱ्यांचा सत्कार समारंभ चालू होता.

पंखे

वेगळं शीर्षक मुद्दाम दिलं. सोलापुरात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे वैर घेणं. पण कागद, रेशमी रुमाल, पत्ते, मेणबत्ती, साबणाचे फुगे यांतलं काहीही वाऱ्यात धड होत नाही. मंडपातले ते उभे मोठे पंखे स्टेजकडे तोंड करून लावलेले असतात, ते प्रेक्षकांकडे वळवा. कूलर वाऱ्याबरोबर घरघरही देतो, त्यामुळे तो मागच्या रांगांजवळ. छताचे पंखे असतील तर स्टेजवरचे एक-दोन वेगळ्या बटणावर आहेत का ते आधी बघून ठेवा. नसतील तर जादूगाराला तसं कळवा. चांगला माणूस वाऱ्यात चालणारे प्रयोग निवडून आणतो. त्याला आयत्या वेळी कळलं तर मात्र तो काय करणार?

जादूगार निवडताना

आपल्याकडे जुन्या माणसांना जादूगार म्हटलं की पुण्याचे रघुवीर आठवतात, नाहीतर कोलकात्याचे पी. सी. सरकार. त्यांच्या भव्य पोशाखांचा आणि पेट्यांचा ठसा इतका खोल आहे की आजही लोक फेटा-शेरवानी बघून माणूस ठरवतात. पोशाखाकडे बघू नका. तीन गोष्टी बघा.

एक, अखंड व्हिडिओ. पार्श्वसंगीत घालून कापाकापी केलेला दीड मिनिटाचा नको, सलग दहा मिनिटांचा, ज्यात प्रेक्षकही दिसतात. जादू कशी आहे ते कळलं नाही तरी चालेल, मुलं कुठे बघताहेत ते बघा. दोन, शक्य असेल तर त्याचा दुसरीकडचा प्रयोग प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि त्या यजमानांना एकच विचारा, "वेळेवर आले होते का?" तीन, तो तुम्हाला काय विचारतो. फोनवर ज्यानं आधी जागा कशी आहे, मुलं किती वर्षांची, मागे भिंत आहे का असं विचारलं, तो माणूस पक्का. ज्यानं फक्त तारीख आणि पैसे विचारले, त्याच्याबाबत मी सावध असते.

विनोद कसे करतो तेही ऐकून घ्या. मुलाला स्टेजवर बोलावून त्याच्या जाडेपणावर, काळ्या रंगावर, 'बायको कुठंय' छापाचे विनोद करणारे अजून आहेत. मी आधीच स्पष्ट सांगते: माझ्या कार्यक्रमात हे चालणार नाही. कुणी रागावलं नाही आजवर.

बरेचजण जादूबरोबर शब्दभ्रम, म्हणजे बोलकी बाहुलीही करतात. लहान मुलांना ती जादूइतकीच आवडते. संमोहन मात्र वेगळं, ते मुलांच्या कार्यक्रमात नको. डोळ्यांवर पट्टी बांधून भर रस्त्यात मोटारसायकल चालवून प्रयोगाची जाहिरात करू, असं कुणी सुचवलं तर हात जोडा. सात रस्त्याच्या चौकात डोळे उघडे ठेवून गाडी चालवणंच पुरेसं अवघड आहे.

भाषेचा प्रश्न

हा सोलापूरचा खास. एकाच मंडपात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं बसलेली असतात. पुण्या-मुंबईचा जादूगार येतो, शाब्दिक कोट्यांवर कोट्या करतो आणि निम्मा मंडप दगडासारखा. पूर्व भागातल्या एका शाळेत मी हे होताना बघितलं. मुलं हुशार होती, पण घरची भाषा तेलुगू आणि कोट्या पेठी मराठीतल्या. मध्यंतरात मी त्याला म्हटलं, "तुम्ही 'एक दोन तीन' म्हणता ना, ते मुलांकडून म्हणवून घ्या, त्यांच्या भाषेत." पुढच्या प्रयोगाला अर्धी सतरंजी ओरडली, "ओकटि, रेंडु, मूडु!" मग कन्नडवाल्यांना राहवेना, "ओंदु, एरडु, मूरु!" तिथून प्रयोगानं जो सूर पकडला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

तेव्हा प्रेक्षक कोण आहेत हे जादूगाराला आधी सांगा. संगीतावर, न बोलता होणारे दोन-तीन खेळ मागून घ्या. आणि लोट्याचा जुना खेळ येत असेल तर तो घ्याच: लोटा उपडा करून रिकामा करतात, बाजूला ठेवतात, थोड्या वेळानं परत उपडा केला की परत पाणी, पुन्हा पुन्हा, कार्यक्रम संपेपर्यंत. जगभरचे जादूगार या खेळाला भारताच्या नावानं ओळखतात. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावात त्याला जो हशा आणि ज्या टाळ्या पडतात, त्या दुसरीकडे कुठे पडत नसतील. एक आजोबा तर उठून म्हणाले, "हा लोटा महापालिकेला द्या."

पैसे आणि कागद

दर इथे लिहीत नाही, ते माणसागणिक आणि मोसमागणिक बदलतात. पण विचारताना तुटक विचारू नका. प्रयोगाचं मानधन, साहाय्यक किती, प्रवास कुणाचा, सामानाचा टेम्पो कुणाचा, राहायचं-जेवायचं कुणाकडे, साउंड त्यांचा की आपला, सगळं मिळून एक आकडा विचारा. पुण्याहून किंवा हैदराबादहून बोलावलात तर मुक्काम धरावाच लागतो. मोठमोठ्या पेट्या रेल्वेनं येत नाहीत, टेम्पोचं भाडं कधीकधी मानधनाच्या जवळ जातं.

ठरलं की एका पानावर लिहून व्हॉट्सअपवर तरी पाठवाच: तारीख, पोहोचायची वेळ, प्रयोग किती मिनिटं, ॲडव्हान्स किती दिला, उरलेले कधी, कार्यक्रम रद्द झाला तर काय, शूटिंग चालेल का, आग किंवा प्राणी वापरणार का. एकदा एका गृहस्थांनी मला "तासभर करतो" म्हणून सांगितलं आणि चाळीस मिनिटांत आवरलं. त्यांच्या तासात सामान लावणंही मोजलेलं होतं. तेव्हापासून मी 'प्रत्यक्ष प्रयोग' हे दोन शब्द लिहिते. उरलेले पैसे पाकिटात घालून प्रयोगाआधीच तयार ठेवा. रात्री अकरा वाजता यूपीआय चालत नाही म्हणून कलाकाराला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

प्राणी, आग, कायदा

टोपीतून ससा काढणं चित्रात छान दिसतं. प्रत्यक्षात मी प्राण्यांना सरळ नाही म्हणते. सशाला उकाडा सोसत नाही, आणि बंद पेटीत, मंडपात, सोलापुरात त्याचे हाल होतात. शिवाय खेळात प्राणी वापरायला २००१ च्या नियमांनुसार प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. देशी पोपट, घुबड, साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. असा प्राणी तुमच्या मांडवात निघाला तर विचारणा तुम्हालाही होईल. कापडी ससा चालतो, मुलांना काही फरक पडत नाही.

आगीचे खेळ मंडपात नकोत. कापडी छत, झालरी, थर्माकोल, वरून उन्हाळ्यात सगळं चुरचुरीत वाळलेलं. बंद सभागृहात करायचेच असतील तर व्यवस्थापकांना विचारून, अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवून, आणि मुलं लांब बसवून. धुरासाठी सुका बर्फ वापरणार असतील तर तो उणे ७८ अंशांचा असतो, मुलं हात घालायला धावतात. रिकामं झाल्यावरही ते भांडं मोकळं सोडू नका.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो, आणि लावायला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. रस्त्यावर मंडप असेल तर महापालिकेची वेगळी. जाहीर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने असतात, तेही बघा. घरगुती वाढदिवसाला एवढी धावपळ नाही. पण तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर महिनाभर आधी सभागृहाच्या व्यवस्थापकांपाशी बसून कुठल्या कुठल्या परवानग्या लागतात त्याची यादीच करून घ्या.

कुणीतरी हमखास विचारतं, "जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, मग हे चालतं का?" चालतं. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला कायदा चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यांसाठी आहे. ही हातचलाखी आहे, करमणूक आहे, असं सांगून केलेली जादू त्यात येत नाही. उलट अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बाबा-बुवांचे 'चमत्कार' शाळाशाळांत करून दाखवतात आणि मागचं रसायनही समजावतात. शाळेत कार्यक्रम ठेवणार असाल तर असा एक तास जादूच्या प्रयोगाला जोडून ठेवून बघा. मी जादूगाराला सुरुवातीलाच एक वाक्य बोलायला सांगते: "माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही, फक्त सराव आहे." बोलल्यानं टाळ्या कमी होत नाहीत.

कार्यक्रमाचा क्रम

केक, जादू, जेवण, की जादू, केक, जेवण? मी दुसऱ्याच्या बाजूनं. केक एकदा कापला की मुलांच्या हाताला क्रीम, आयांच्या हातात टिश्यू आणि निम्मे पाहुणे चपला शोधायला. जादू आधी झाली की सगळे एका जागी बसलेले असतात, आणि शेवटच्या खेळात जादूगाराकडून केकवरची मेणबत्ती किंवा सुरीच 'प्रकट' करून घेता येते. तिथून केक आपोआप सुरू.

पण सोलापूरची वेळ वेगळी. सातचं निमंत्रण म्हणजे आठ. निमंत्रणात साडेसहा लिहा, प्रयोग पावणेआठला धरा, मधल्या वेळात सरबत आणि शेंगदाण्याचा लाडू. जादूगाराला मात्र खरी वेळ सांगा, पाहुण्यांची नव्हे. जेवणाचे काउंटर प्रयोग संपेपर्यंत उघडू नका. डोशाचा तवा चर्र वाजला की जगातला कुठलाही जादूगार हरतो. केटररला हे दोनदा सांगा, एकदा ठरवताना आणि एकदा त्या दिवशी; तो एरवी सवयीनं आठला झाकणं काढतोच.

सत्कार, फेटे, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, हे सगळं प्रयोगाच्या आधी किंवा नंतर. मध्ये कधीच नाही. मंडळाच्या कार्यक्रमात नगरसेवक उशिरा आले म्हणून प्रयोग थांबवून त्यांचा सत्कार करतात. पेटीत बसलेली साहाय्यक मुलगी तेवढा वेळ आतच असते, याचा विचार कुणी करत नाही.

आणि वेळ संपत आली म्हणून शेवटचा खेळ अर्ध्यात तोडू नका. १९५६ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात पी. सी. सरकारांनी एका मुलीला करवतीनं कापून दाखवलं, आणि ती उठून उभी राहायच्या आत वेळ संपली म्हणून निवेदकानं निरोप घेतला. मुलगी मेली अशा समजुतीनं लोकांनी फोनवर फोन केले. सरकारांनी ते मुद्दाम जुळवून आणलं असंही म्हणतात, आणि त्यातून त्यांचं नाव झालंच. तुमच्याकडे तसं झालं तर फक्त शेजारच्या काकूंचा फोन येईल. दहा मिनिटं जास्तीची हाताशी ठेवा, एवढंच.

त्या दिवशी

दुपारीच जागेवर जा. वीज कुठून येते, जादूगाराच्या टेबलाजवळ बोर्ड आहे का, जनरेटर चालू होतो का हे बघा. नुसता आणून ठेवलेला जनरेटर आणि चालू होणारा जनरेटर यांत फरक आहे. माइक हातात धरायचा नको, कानाला किंवा कॉलरला लावायचा मागवा, कारण त्याचे दोन्ही हात कामात असतात. सेलची जास्तीची जोडी खिशात ठेवा. दिवे समोरून आणि थोडे वरून. गाणी वाजवायला साउंडवाल्याचा पोरगा नको, जादूगाराच्या खुणा कळणारा एक माणूस ठरवा आणि त्या दोघांची आधी पाच मिनिटं गाठ घालून द्या.

सामान लावायला एक बंद खोली किंवा पडद्याआडची जागा लागते, आणि तिला कुलूप हवं. पेट्यांना कुणीही हात लावायचा नाही, घरच्यांनीसुद्धा. गुपित फुटेल ही भीती तर असतेच. पण वस्तू अर्धा इंच सरकली तरी खेळ फसतो, याची भीती जास्त असते. लागोपाठ दोन प्रयोग ठेवणार असाल तर मध्ये किती वेळ लागेल ते विचारा. सगळं परत पहिल्यापासून लावावं लागतं.

स्टेजवर कुठल्या मुलाला बोलवायचं ते जादूगाराला आधी सुचवा. वाढदिवस असेल तर उत्सवमूर्ती एकदा तरी यायलाच हवी. लाजाळू मुलाला ढकलू नका. सुऱ्या, गिलोटिन असले खेळ लहान मुलावर करून घेऊ नका, खोटे असले तरी. रात्री झोपेत दचकतात. 'कसं केलं सांगा ना' म्हणून मोठी माणसं स्टेजवर येतात, त्यांना कोपरापासून नमस्कार करून खाली आणा. आणि मोबाईल: पहिल्या रांगेत उभं राहून शूटिंग करणाऱ्या बापांमुळे मागची मुलं फक्त मोबाईलचा पडदा बघतात. एकालाच मधल्या वाटेच्या टोकाला उभं करून शूटिंग करू द्या आणि जादूगारानं जे दाखवू नका म्हटलं ते कुठेही टाकू नका.

प्रयोग संपला की सगळे जेवणाकडे धावतात आणि ती दोन-तीन माणसं पडद्याआड गुपचूप पेट्या आवरत बसतात. त्यांची पानं आधीच वेगळी काढून ठेवा. शेवटी उरतं ते फक्त जिलेबीचा पाक आणि थंड पुऱ्या. लांबचे असतील आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची असेल, तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून द्या, गाडीत नीट टिकते. त्या गच्चीवरच्या जादूगारालाही मी तीच दिली होती. पुढच्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला तो परत आला, आणि आल्या आल्या आधी टाकीकडे गेला, शिडी आहे का बघायला.